गौताळ्यातला ‘चिपमंक’ आणि खारीच्या पाठीवरचे पट्टे

घाटमाथा (कन्नड)

सर्वांना सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर एक छायाचित्र फिरत होते. सालईच्या फांदीवर बसलेला, पाठीवर पट्टे असलेला, झुबकेदार शेपटीचा एक लहानसा प्राणी त्यात होता आणि खाली ‘गौताळा अभयारण्यात दुर्मीळ चिपमंक आढळला’ अशी ठसठशीत ओळ होती. मी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे तीन जुन्या विद्यार्थ्यांनी ते छायाचित्र माझ्याकडे पाठवून ‘सर, खरे आहे का?’ असे विचारले. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, आणि माझे कुठे चुकत असेल तर इथल्या जाणकारांनी ते दुरुस्त करावे, म्हणून हा धागा काढत आहे.

चिपमंक हा खारीच्याच कुळातला एक लहान, पट्टेरी प्राणी. त्याच्या सुमारे पंचवीस जाती आहेत. त्यांपैकी एक वगळता बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेत राहतात. उरलेली एक, सायबेरियन चिपमंक, रशियाच्या उत्तरेकडच्या जंगलांपासून मंगोलिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत आढळते. भारतात एकही जात रानात राहत नाही. म्हणजे गौताळ्यात चिपमंक दिसणे हे राजस्थानात हिमबिबट्या दिसण्याइतकेच नवलाचे ठरेल.

पण केवळ नकाशा दाखवून विषय संपवला, तर ज्याने ते छायाचित्र काढले त्याच्या कुतूहलावर पाणी पडेल, म्हणून ओळखीची खूणही सांगतो. आपण सगळे पाठीकडे पाहतो आणि तिथेच फसतो. पाठीवरचे पट्टे अनेक प्राण्यांना असतात. चिपमंकाला ते तोंडावरही असतात. डोळ्याच्या वर एक फिकी रेघ, डोळ्यातून आरपार जाणारी गडद रेघ आणि डोळ्याखाली पुन्हा फिकी रेघ, अशी त्याची मुद्रा असते. आपल्या खारीचे पट्टे खांद्यापाशी संपतात आणि तिचे तोंड साधे, करड्या-तपकिरी रंगाचे असते. फिरत असलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा त्यातल्या प्राण्याच्या तोंडावर मला एकही रेघ दिसली नाही. ते छायाचित्र फार धूसर आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

मांजराकाठ (लातूर)

सर, नमस्कार. लहानपणी आजी सांगत असे की सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले, म्हणून रामाने तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली आणि तेव्हापासून तिच्या पाठीवर तीन पट्टे आहेत. खारीचा वाटा हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पण आमच्या अंगणातल्या कडुलिंबावरच्या खारीचे पट्टे मी काल प्रथमच मोजले आणि ते पाच भरले. रामाने संपूर्ण पंजा फिरवला की काय, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

दुसरी शंका अशी की, एखाद्याने परदेशातून आणलेला पाळीव चिपमंक सुटून रानात गेला असेल, तर? अशा घटना कुठे घडल्या आहेत का?

डोंगरउतार (मूळ अंबाजोगाई, सध्या कोलोराडो)

सरांचा धागा वाचून राहवले नाही. मी ज्या गावात राहतो तिथून रॉकी पर्वतातले राष्ट्रीय उद्यान जवळ आहे, आणि तिथे गेली काही वर्षे मी चिपमंक पाहत आलो आहे. बालाघाटाच्या डोंगरांत वाढलेल्या माणसाला पहिल्या भेटीत तो अगदी घरचा वाटतो, कारण आकार, चपळाई आणि शेपटी झटकण्याची पद्धत सगळे आपल्या खारीसारखेच. फरक हळूहळू कळत जातो.

पहिला फरक जागेचा. खार आपण झाडावर शोधतो. चिपमंक शोधायचा तो जमिनीवर. पडलेल्या ओंडक्यांच्या आसपास, दगडांच्या राशींच्या कडेला, पाइनच्या झाडाखाली जिथे शंकू कुरतडून टाकलेले असतात तिथे. त्याला झाडावर चढता येते आणि तो चढतोही, पण घाबरला की तो बहुतेक वेळा खाली दगडांच्या फटीत किंवा बिळात पळतो. आपली खार नेमके उलटे करते, ती वर पळते. दुर्बीण हातात नसेल, तोंड दिसले नसेल, तरी केवळ पळण्याच्या दिशेवरून मला बऱ्याचदा अंदाज बांधता येतो.

दुसरा फरक गालांचा. चिपमंकाच्या गालांत आतून पिशव्या असतात. तो दाणे तोंडात कोंबत राहतो आणि दोन्ही गाल इतके फुगतात की गालगुंड झालेल्या मुलासारखा दिसतो. हे सगळे तो बिळात नेऊन साठवतो. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘टॅमियास’ हा ग्रीक शब्दच कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या माणसासाठी आहे. आपल्याकडच्या भाषेत कोठीवाला म्हणता येईल. हिवाळ्यात तो बिळात झोपतो, मात्र अस्वलासारखी अंगावर चरबी चढवून नव्हे. तो मधूनमधून जागा होतो, साठ्यातले खातो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत उंचावरच्या जंगलात चिपमंक पाहायला जाणे म्हणजे भर मे महिन्यात धबधबा पाहायला जाणे.

तिसरी गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली, आणि ती सांगताना थोडा संकोच वाटतो. पहिले वर्षभर मी ज्याची छायाचित्रे ‘चिपमंक’ म्हणून गावाकडे पाठवत होतो, त्यांतली निम्मी चिपमंकाची नव्हतीच. तिथे सोनेरी खांद्यांची एक भुईखार असते. तिच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कडांचा ठसठशीत पांढरा पट्टा असतो, ती चिपमंकापेक्षा मोठी आणि जाडजूड असते, पर्यटकांच्या पायाशी येऊन बसते आणि म्हणून सर्वांच्या छायाचित्रांत तीच येते. पण तिच्या तोंडावर रेघ नाही. सरांनी सांगितलेली खूण तिथेही तशीच लागू पडते. अमेरिकेत जन्मलेली माणसेसुद्धा या दोघांत सर्रास गल्लत करतात, हे कळल्यावर माझे दुःख कमी झाले.

आता चिपमंकांमधला आपसातला फरक विचाराल, तर हात जोडतो. या उद्यानात त्यांच्या तीन जाती आहेत. सर्वांत लहान जात पळताना शेपटी झेंड्याच्या काठीसारखी सरळ उभी धरते, आणि झाडे संपून नुसते गवत व दगड सुरू होतात तिथपर्यंत तीच दिसते, म्हणून तिची ओळख थोडीफार पटते. बाकीच्या दोघींत रंगांच्या छटांचा फरक आहे आणि त्या छटा ऋतूप्रमाणे बदलतात. पश्चिमेकडच्या काही जाती तर अभ्यासकसुद्धा नराच्या जननेंद्रियातल्या बारीकशा हाडाच्या आकारावरून निश्चित करतात. ते काम दुर्बिणीचे नव्हे.

मांजराकाठताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: होय, असे घडले आहे. सायबेरियन चिपमंक युरोपात पाळीव प्राणी म्हणून विकला जात असे. सुटलेल्या आणि सोडलेल्या प्राण्यांनी बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या जंगलात आणि फ्रान्समध्ये काही ठिकाणी बस्तान बसवले, आणि 2016 साली युरोपीय संघाने त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातले.

पायपीट (परभणी)

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सरांच्या ‘तोंडावरची रेघ म्हणजे चिपमंक’ या नियमाला एक अपवाद जोडला पाहिजे, नाहीतर उद्या आपल्यापैकीच कोणीतरी ईशान्य भारतात फसेल. मी स्वतः फसलो आहे.

अरुणाचल प्रदेशातल्या एका पायवाटेवर झाडाच्या बुंध्याला चिकटून खाली-वर धावणारा, पाठीवर पट्टे असलेला एक इवलासा प्राणी मी पाहिला. त्याच्या बाहेरच्या बाजूचा फिका पट्टा मानेवरून पुढे गालापर्यंत येऊन नाकाकडे गेलेला स्पष्ट दिसत होता. मी मनात ‘भारतात चिपमंक नाही म्हणतात, आणि हा काय?’ असे म्हणत वही काढली. सोबतच्या वाटाड्याने हसून कानांकडे बोट दाखवले. कानांच्या टोकांना पांढऱ्या केसांचे झुपके होते. ती हिमालयीन पट्टेरी खार होती. तिच्या शास्त्रीय नावातला ‘टॅमिऑप्स’ हा शब्द ‘टॅमियाससारखा दिसणारा’ अशाच अर्थाचा आहे, म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही तोच भास झाला होता. ती झाडावरच राहते, जमिनीवर क्वचित उतरते आणि चिपमंकाएवढी साठेबाज नाही.

म्हणून माझ्या मते तोंड, कान, जागा आणि प्रदेश या चारही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

घाटमाथा (कन्नड)

पायपीट, आपली दुरुस्ती मान्य आहे आणि ती केल्याबद्दल मनापासून आभार. मी मराठवाड्यापुरता विचार करून नियम सांगितला आणि तो सगळ्या देशाला लावला. वर्गात मुलांची अशीच चूक मी अनेकदा दाखवली असेल.

मात्र या तिघांच्या साम्याबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. चिपमंक आणि आपली खार दिसायला बहिणी वाटल्या, तरी खारकुळात त्यांच्या शाखा वेगळ्या आहेत. चिपमंक हा भुईखारींच्या आणि मार्मोटांच्या शाखेतला. लडाखच्या सहलीत आपण ज्या लठ्ठ, बिळाबाहेर उभ्या राहणाऱ्या मार्मोटाची छायाचित्रे काढतो, तो चिपमंकाचा जवळचा नातलग आहे. आपली अंगणातली खार त्या मानाने दूरची. म्हणजे पट्टे हे रक्ताच्या नात्याचा पुरावा नाहीत. उघड्या-झाकल्या उन्हात वावरणाऱ्या लहान, दिवसा हिंडणाऱ्या प्राण्याला घारीच्या नजरेतून निसटायला ते उपयोगी पडत असावेत, आणि त्यामुळे ते वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे उमटले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आफ्रिकेतल्या पट्टेरी उंदराच्या कातडीवर फिक्या पट्ट्यांच्या जागी अल्क्स-3 नावाचे जनुक अधिक काम करते आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना आवर घालते, असे दिसून आले. पूर्व अमेरिकेतल्या चिपमंकाच्या कातडीतही तेच जनुक त्याच जागी सापडले. उंदीर आणि चिपमंक यांच्या वाटा सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे यातले आश्चर्य कळते.

पैनगंगा (किनवट)

चिपमंक अमेरिकेत राहू द्या. मांजराकाठताईंनी विचारलेला तीन आणि पाच पट्ट्यांचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो आणि त्याच्याकडे कोणीच वळले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आजीही बरोबर आहेत आणि ताईंची मोजणीही बरोबर आहे, कारण या दोन वेगळ्या जाती आहेत. तीनपट्टी खार, म्हणजे फ्युनाम्बुलस पाल्मारम, ही दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची. पाचपट्टी खार, फ्युनाम्बुलस पेनांटी, ही मुख्यतः उत्तर आणि मध्य भारताची. दख्खनच्या पठारावर दोघींचे प्रदेश एकमेकांत मिसळतात आणि आपला मराठवाडा या सरमिसळीच्या पट्ट्यात येतो. म्हणून इथे ‘खार दिसली’ एवढे लिहून भागत नाही, कोणती खार ते लिहिले पाहिजे. सह्याद्रीच्या दाट, ओल्या जंगलात तिसरीही एक पट्टेरी खार आहे, आणि भीमाशंकरचा शेकरू तर सर्वांना ठाऊक आहेच. पण आपल्या कोरड्या पानगळीच्या रानात बहुतेक वेळा या दोघींशीच गाठ पडते. जाता जाता, फ्युनाम्बुलस या लॅटिन शब्दाचा अर्थ दोरावरून चालणारा असा आहे. आपल्याकडे त्याला डोंबारी म्हटले असते. विजेच्या तारेवरून पलीकडच्या गच्चीवर जाणारी खार पाहिली की हे नाव पटते.

आता मोजायचे कसे, ते पाहू. पाठीच्या मधोमध एक फिका पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन फिके पट्टे दोघींनाही असतात. पाचपट्टी खारीला याखेरीज दोन्ही कुशींवर खालच्या अंगाला आणखी एकेक पट्टा असतो आणि तो वरच्यांपेक्षा बराच पुसट असतो. गडबड इथेच होते. गच्चीतून किंवा कड्यावरून, म्हणजे वरून, छायाचित्र घेतले तर कुशीवरचे पट्टे दिसतच नाहीत आणि पाचपट्टी खार तीनपट्टी ठरते. खार बसलेली असेल तर पोटाकडची घडी त्यांना झाकून टाकते. म्हणून ती बुंध्याला आडवी चिकटलेली असताना, बाजूने, तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आली असता पाहावे. सकाळी ऊन तिरपे असते तेव्हा पुसट पट्टाही उठून दिसतो. दुपारच्या बाराच्या उन्हात सगळाच रंग फिका पडतो. शिवाय मे महिन्यात दुपारी खार फांदीवर पोट टेकून, चारी पाय लोंबकळत सोडून पडलेली असते, त्या अवस्थेत तिचे काही मोजू नये, तिला पडू द्यावे.

आणखी एक सूचना. आपण फिके पट्टे मोजतो की त्यांच्यामधले गडद, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. आमच्या गटात दोघांनी एकाच खारीची नोंद ‘तीन’ आणि ‘चार’ अशी केली होती आणि अर्धा तास वाद घातल्यावर कळले की एक जण पांढरे मोजत होता आणि दुसरा काळे.

खडकपूर्णा (जालना)

पाचपट्टी खारीचा एक किस्सा. 1898 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात प्राणिसंग्रहालयातून काही पाचपट्टी खारी बाहेर सोडल्या गेल्या आणि त्यांचे वंशज आजही त्या शहरात नांदत आहेत. तिकडच्या लोकांनी त्यांना चिपमंक समजून छायाचित्रे पाठवली असतील का, हा विचार मनात येऊन हसू आले.

बिंदुसरा (बीड)

डोंगरउतार यांना एक विचारायचे आहे. तिथले पर्यटक चिपमंकांना हाताने शेंगदाणे भरवताना चित्रफितींत दिसतात. तुम्ही तसे करता का? आम्ही बीडचे लोक या बाबतीत जरा हळवे आहोत. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, 1994 साली, आमच्या जिल्ह्यातल्या मामला गावाच्या परिसरात प्लेगची साथ आली तेव्हा मी सातवीत होतो. घरात उंदीर मेलेला दिसला की आई आम्हाला ओसरीवरसुद्धा थांबू देत नसे. तेव्हापासून कुरतडणाऱ्या कोणत्याही गोंडस प्राण्याला हात लावण्याआधी माझा हात आपोआप मागे येतो.

डोंगरउतार (मूळ अंबाजोगाई, सध्या कोलोराडो)

बिंदुसरा, तुमचा हात बरोबर मागे येतो. पश्चिम अमेरिकेत प्लेगचे जंतू रानातल्या भुईखारी, चिपमंक आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांमध्ये आजही टिकून आहेत. 2021 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराच्या दक्षिण काठावर चिपमंकांमध्ये प्लेग आढळल्यामुळे काही पर्यटनस्थळे काही दिवस बंद ठेवावी लागली होती. माणसाला तो क्वचित होतो आणि वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो, पण मेलेल्या प्राण्याला हात लावू नये आणि बिळाशेजारी चटई पसरू नये, अशा पाट्या तिथे लावलेल्या असतात. राष्ट्रीय उद्यानांत प्राण्यांना खायला घालणे बेकायदेशीर आहे. मी पहिल्या वर्षी एकदा चिवड्यातले दाणे टाकले होते, हे कबूल करतो. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी ज्या नजरेने पाहिले, ती अंबाजोगाईच्या शाळेतल्या बाईंचीच नजर होती.

पाहण्यासाठी खायला घालण्याची गरजही नसते. एका ओंडक्यापासून दहा-पंधरा पावलांवर शांत बसावे आणि कान उघडे ठेवावेत. चिपमंक एकसारखा, घड्याळाच्या काट्यासारखा ‘चिप, चिप’ असा तीक्ष्ण आवाज करत राहतो. पूर्वेकडच्या चिपमंकाबद्दल असे आढळले आहे की जमिनीवरचा शत्रू दिसला तर तो हा उंच आवाज काढतो, आणि आकाशात ससाणा दिसला तर खालच्या पट्टीतला ‘चक, चक’ असा आवाज काढतो. हे वाचल्यापासून मी तसा आवाज ऐकला की आधी वर पाहतो.

पायपीट (परभणी)

आपल्या खारीचाही इशारा ऐकण्यासारखा असतो. शेपटी प्रत्येक हाकेबरोबर झटकत ती बराच वेळ ओरडत राहिली, तर झाडाखाली मांजर, मुंगूस किंवा साप असण्याची शक्यता असते. गौताळ्यासारख्या रानात अशा ओरडण्याच्या दिशेने हळूच पाहिले, तर खारीपेक्षा मोठे काही दिसून जाते.

घाटमाथा (कन्नड)

मंडळी, काल दोन विद्यार्थ्यांना घेऊन पहाटे गौताळ्यात जाऊन आलो. गौताळा औट्रम घाट अभयारण्य 1986 साली घोषित झाले आणि ते आमच्या व जळगाव जिल्ह्यात मिळून सुमारे 260 चौरस किलोमीटरवर पसरले आहे. त्यातले एकच झाड शोधायचे होते. सुदैवाने मूळ छायाचित्र काढणारा तरुण स्वतः सोबत आला. त्याने फोनमधले मूळ, न दाबलेले चित्र दाखवले. फिरत फिरत आमच्यापर्यंत पोहोचलेल्या चित्रापेक्षा ते कितीतरी स्पष्ट होते. तोंड कोरे, कानांवर झुपके नाहीत, गाल फुगलेले नाहीत. ‘चिपमंक’ ही ओळ त्याने लिहिलेलीच नव्हती. त्याने घरच्यांना नुसते ‘बघा, खार’ असे लिहून चित्र पाठवले होते आणि पुढे कोणीतरी ते सजवले.

पट्ट्यांचा प्रश्न उरला. पैनगंगा यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही चढावर उभे न राहता झाडाच्या बरोबरीने खाली उतरलो आणि पाऊण तास बसलो. सव्वासातच्या सुमारास ती बुंध्यावर आडवी आली. मी फिके पट्टे मोजले ते चार भरले. एका विद्यार्थ्याने तीन सांगितले, दुसऱ्याने पाच. आम्ही एकाच कुशीकडून पाहत होतो, हे तेव्हा लक्षात आले. पलीकडचा पट्टा आम्हाला दिसणे शक्यच नव्हते. तिने तेवढ्यात वळून दुसरी बाजू दाखवली आणि पाचवा सापडला. नोंदवहीत पुढीलप्रमाणे लिहिले आहे: पाचपट्टी खार, एक, सालई, सकाळी सात वाजून वीस मिनिटे, फिके पट्टे मोजले, दोन्ही बाजूंनी पाहिले.

मांजराकाठताई, तुमच्या मुलीला सांगा की तिच्या आईची मोजणी आमच्यापेक्षा लवकर जमली.